मंडळीच्या सेवाकार्याचा वेगळा ट्रस्ट काढायचाय? पुण्यात काय काय लागतं ते सांगतो

जय ख्रिस्त सगळ्यांना. हल्ली वेगवेगळ्या मंडळ्यांतले, म्हणजे चर्चमधले, लोक मला एकच गोष्ट विचारतात, की आमचा महिला संघ दर महिन्याला वस्तीत धान्य देतो, तरुण संघ दहा-बारा पोरांची शाळेची फी भरतो, आतापर्यंत सगळं अर्पणातून आणि ओळखीपाळखीतून चाललं पण आता देणारे पावती मागतात, टॅक्समध्ये सूट मिळेल का विचारतात, तर करायचं काय? आम्ही यातून गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करा. सेवाकार्य चर्चच्या खात्यावर चालवायचं नाही, त्याचा वेगळा ट्रस्ट काढायचा. चर्च हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० खाली सार्वजनिक न्यासातच मोडतं, पण त्याचा मूळ उद्देश उपासना, म्हणजे धार्मिक. आणि ज्याला सगळे ऐंशी जी म्हणतात ती देणगीदाराची इन्कम टॅक्समधली सूट धार्मिक कामाला मिळत नाही, एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लोकांच्या फायद्यासाठी काढलेल्या संस्थेलाही नाही. धार्मिक गोष्टींवर खर्च झालाच तर तो वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत राहायला हवा.

आमच्या पहिल्या कच्च्या डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनापत्रात, आम्ही अगदी मनापासून ‘मंडळीतील गरजू कुटुंबांना साहाय्य’ असं लिहिलं होतं आणि त्याच्या खालीच सुवार्ता प्रसार, म्हणजे धर्माचा प्रसार. वकिलांनी वाचलं आणि म्हणाले, हे असं गेलं तर रजिस्ट्रेशन होईलही, पण ऐंशी जी विसरा. मग उद्देशांचं पान पुन्हा लिहिलं: गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, जात-धर्म-लिंग न बघता. प्रत्यक्षात आमच्या बायका धान्य देताना कुणाला धर्म विचारतच नव्हत्या, कागदावर मात्र आम्ही उगाच अरुंद केलं होतं. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जागा १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, त्यांनी कुठे धर्म बघितला, हे मी आमच्या मीटिंगमध्ये बोललो आणि विषय तिथेच मिटला.

आता कोण काढू शकतं. साधा ट्रस्ट असेल तर किमान दोन विश्वस्त लागतात, सोसायटी काढायची असेल तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सभासद, आणि आपल्याकडे सोसायटीलाही परत ट्रस्ट म्हणून नोंद करावीच लागते. नोंदणी नंबरवरून कळतं, ट्रस्टचा ‘ई’ ने सुरू होतो, सोसायटीचा ‘एफ’ ने. मी म्हणेन पाच किंवा सात विश्वस्त घ्या, एकाच घरातले दोघे नकोत, एखादा मंडळीबाहेरचा डॉक्टर किंवा मुख्याध्यापक घ्या. आणि पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, पदसिद्ध विश्वस्त करण्याआधी दहा वेळा विचार करा. मान म्हणून आपण करतो, पण पाळकांची बदली होते आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट टाकावा लागतो, दर बदलीला तेच. हे राहून गेलं की जुनी नावं रेकॉर्डवर तशीच राहतात, मग बँक सही मानत नाही आणि काम अडतं. त्यापेक्षा पाळक सल्लागार म्हणून असू द्यात.

कागदपत्रं म्हणाल तर स्टॅम्प पेपरवरचं ट्रस्ट डीड (किती रुपयांचा स्टॅम्प ते वकिलाकडून ठरवून घ्या), सगळ्या विश्वस्तांचे आधार, पॅन, फोटो, प्रत्येकाचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, ऑफिसच्या पत्त्याचं लाइट बिल आणि जागामालकाची एनओसी, वकील देणार असाल तर वकीलपत्र, कोर्ट फी स्टॅम्प. यात सगळ्यात जास्त वेळ एनओसी खाते. पत्ता चर्चच्या आवारातला द्यायचा असेल तर जागा ज्या ट्रस्टच्या नावावर आहे त्याचं पत्र लागतं, नुसतं आपल्या कमिटीच्या लेटरहेडवर भागत नाही, आणि तो प्रॉपर्टी ट्रस्ट बऱ्याचदा दुसऱ्याच शहरात असतो. म्हणून हे पत्र आधी मागा आणि डीड त्यानंतर करा, कारण डीड झाल्यावर कलम १८ प्रमाणे ३ महिन्यांत अर्ज जायला हवा.

अर्ज म्हणजे शेड्यूल २ चा फॉर्म, तो धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरायचा. पुण्याचं सह धर्मादाय आयुक्त कार्यालय ढोले पाटील रोडला आहे. मग कलम १९ खाली चौकशी होते, काही त्रुटी असतील तर पूर्तता करायची, आणि ऑर्डर झाली की सर्टिफिकेट. ट्रस्टचं नाव दुसऱ्या कुणाशी जुळणारं नको, दोन-तीन पर्याय हाताशी ठेवा.

सर्टिफिकेट आलं की ट्रस्टचं पॅन, त्यावर बँक खातं, आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बारा ए (ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नाला टॅक्समाफीची नोंदणी) आणि ऐंशी जी साठी अर्ज. नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची प्रोव्हिजनल नोंदणी मिळते, काम सुरू झालं की रेग्युलरसाठी परत अर्ज करायचा, ही दुसरी पायरी लोक विसरतात. देणगीदारांनाही नीट सांगा की २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर सूट नाही, आणि सूट फक्त जुन्या करपद्धतीने रिटर्न भरणाऱ्यालाच.

दानपेटीबद्दल मुद्दाम लिहितो. रविवारच्या अर्पणात कोण किती टाकतं ते लिहून ठेवत नाही, ते चर्चच्या ट्रस्टला चालतं कारण तो धार्मिक आहे. पण सेवाकार्याच्या ट्रस्टकडे असं निनावी दान आलं तर १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातलं जे जास्त त्याच्या वरच्या रकमेला ३० टक्के टॅक्स आहे. म्हणून नाताळच्या कार्यक्रमात ट्रस्टच्या नावाची पेटी फिरवू नका, टेबल टाका, पावतीबुक ठेवा, प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि पॅन घ्या.

परदेशातला पैसा हा वेगळाच विषय. अमेरिकेतल्या चर्चने शंभर डॉलर पाठवतो म्हटलं तरी एफसीआरए शिवाय, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या परवानगीशिवाय, घ्यायचे नाहीत, आणि त्या रजिस्ट्रेशनसाठी संस्था ३ वर्षं जुनी आणि त्या काळात १५ लाख खर्च केलेली लागते. २०२० नंतर एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसरीला देताही येत नाही, तेव्हा ‘त्यांच्याकडे एफसीआरए आहे, तिथून घेऊ’ हे डोक्यातून काढा. दुबईत नोकरी करणारा आपला मुलगा, भारतीय पासपोर्टवाला, स्वतःच्या कमाईतून बँकेने पाठवत असेल तर ते परदेशी दान धरत नाहीत. पासपोर्ट बदललेल्या नातेवाइकाचं मात्र धरतात, ओसीआय कार्ड असलं तरी.

मुलांना राहायला ठेवायचा विचार असेल तर थांबा. निराधार मुलांसाठीचं घर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ च्या नोंदणीशिवाय चालवताच येत नाही, मन कितीही चांगलं असलं तरी. आपल्या जिल्ह्यातच केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं, ते बघून अनेकांना असं काहीतरी करावंसं वाटतं, मलाही वाटतं, पण मुलांच्या सुरक्षिततेची ही अट आहे आणि ती असायलाच हवी. तोवर अभ्यासिका चालवा, फी भरा.

मदत घेणाऱ्यांची एक साधी वही पहिल्या दिवसापासून ठेवा. नाव, वस्ती, घरात किती माणसं, काय दिलं, तारीख, सही किंवा अंगठा, फी असेल तर शाळेची पावती, आणि फी थेट शाळेच्या खात्यात. दरवर्षी ३१ मार्चला हिशोब बंद झाला की ६ महिन्यांत ऑडिट करून रिपोर्ट ऑनलाइन टाकायचा असतो, तेव्हा सीए हीच वही मागतो. धान्य घेताना फोटो काढायचा आग्रह करू नका, सही पुरते.