बालकर्करोगासाठी एआय: अमेरिकेचं सरकारी धोरण

लहान मुलांच्या कॅन्सरवर उपचार शोधायला आर्टिफिशियल इंटेलिजन्स वापरायचं, असं हे अमेरिकेच्या केंद्र सरकारचं धोरण. ३० सप्टेंबर २०२५ ला अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यावर एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे सरकारी खात्यांना थेट आदेश, काढली, पण पाया आधीचाच आहे, २०१९ मध्ये त्यांनी काँग्रेसपुढच्या, म्हणजे अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात दहा वर्षांसाठी ५० कोटी डॉलर मागितले होते आणि त्यातून नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट या सरकारी संशोधन संस्थेत चाइल्डहूड कॅन्सर डेटा इनिशिएटिव्ह, म्हणजे सीसीडीआय, उभा राहिला.

सगळा भर डेटावर का, तर पेशंट थोडे आणि विखुरलेले. अमेरिकेत २० वर्षांखालच्या साधारण १५ हजार मुलांना दरवर्षी कॅन्सर होतो, त्यात ल्युकेमिया, ब्रेन ट्यूमर, न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांच्या मज्जापेशींचा कॅन्सर), हाडांचे कॅन्सर आणि प्रत्येकाचे परत उपप्रकार, त्यामुळे एखाद्या उपप्रकाराची मुलं एका हॉस्पिटलला वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच दिसतात. मोठ्यांच्या डेटावर शिकवलेलं मॉडेल इथे तसंच्या तसं लावता येत नाही, कारण जनुकांमधले बदल वेगळे असतात आणि वाढत्या मेंदूचा एमआरआयही वेगळा दिसतो.

सीसीडीआयमधला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे २०२२ मध्ये सुरू झालेला मॉलिक्युलर कॅरॅक्टरायझेशन इनिशिएटिव्ह. मुलाच्या ट्यूमरचा नमुना चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुप या बालकर्करोग संशोधन गटातल्या हॉस्पिटलकडून लॅबला जातो, जनुकीय तपासणी होते, घरच्यांना एक पैसाही पडत नाही, रिपोर्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे परत येतो आणि ओळख काढून टाकलेला तोच डेटा संशोधकांना मिळतो.

२०२५ च्या ऑर्डरबरोबर सीसीडीआयचा वर्षाचा निधी ५ कोटींवरून १० कोटी डॉलर करायचं जाहीर झालं. क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे पेशंटवर होणाऱ्या उपचारांच्या चाचण्यांची आखणी, कुठलं मूल कुठल्या ट्रायलमध्ये बसतं, कुठल्या औषधाला कसा प्रतिसाद मिळेल याचा अंदाज, अशा कामांना एआय लावायचं, खासगी कंपन्यांनाही सोबत घ्यायचं, आणि मुलाच्या माहितीवर पालकांचा ताबा राहील हे बघायचं, असं त्यात म्हटलंय.

खरी मेहनत मात्र एआय लावण्याच्या आधीची, डेटा गोळा करून जुळवायची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीचं औषध घेतलेल्या मुलाच्या हृदयावर पुढे परिणाम होऊ शकतो, आता हीच गोष्ट एका हॉस्पिटलात इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) आकड्यात असते, दुसऱ्यात डॉक्टरांच्या नोट्समध्ये एका ओळीत, आणि तिसरीकडे मूल मोठं होऊन गाव सोडून गेल्यामुळे नोंदच नसते. हे एका साच्यात आणायला भाषा समजणारी मॉडेल्स खरंच मदत करू शकतात, पण ती चुकतातही, म्हणून माणसाने तपासणं सुटत नाही. गोपनीयतेचा प्रश्नही सोपा नाही, आजार इतका दुर्मिळ असतो की नाव काढलं तरी वय, राज्य आणि निदान यावरून मूल ओळखू येऊ शकतं. त्यावर एक उपाय फेडरेटेड लर्निंगचा, म्हणजे डेटा हॉस्पिटलमध्येच राहतो आणि मॉडेल तिकडे जाऊन शिकतं.

टीका झाली ती पैशावरून, आणि ती रास्त आहे. त्याच वर्षी याच सरकारने नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट जिचा भाग आहे त्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचं बजेट सुमारे ४० टक्के कापायचा प्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवला होता, आणि मुलांच्या ब्रेन ट्यूमरवर ट्रायल घेणाऱ्या पीडियाट्रिक ब्रेन ट्यूमर कन्सोर्टियमचा केंद्रीय निधीही पुढे चालू न ठेवायचं ठरलं. डीआयपीजी या मेंदूच्या देठातल्या ट्यूमरसारख्या आजारात बहुतेक मुलं निदानानंतर वर्षभरच्या आसपासच जगतात, तिथे ट्रायल थांबल्या की मॉडेलला शिकायला नवीन डेटाही येत नाही.