फॉर्मवर चौकट एक, घरात वारसे दोन

नवजात बाळाला गोऱ्या-काळ्या चेहऱ्यांमध्ये आवडनिवड नसते. इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोऱ्या कुटुंबांतली नुकती जन्मलेली बाळं सगळ्या वंशांच्या चेहऱ्यांकडे सारखीच बघत होती. तीन महिन्यांची बाळं मात्र गोऱ्या चेहऱ्यांवर जास्त वेळ रेंगाळली. तीन महिन्यांत असं काय घडतं? पुढच्याच वर्षी इस्रायलमधल्या संशोधकांनी याचं उत्तर दिलं. इथिओपियात वाढणारी बाळं काळ्या चेहऱ्यांकडे झुकली, इस्रायलमधली गोरी बाळं गोऱ्या चेहऱ्यांकडे. पण इथिओपियातून इस्रायलला आलेल्या कुटुंबांतली, दोन्ही रंगांची माणसं रोज आसपास बघणारी बाळं कोणत्याच बाजूला झुकली नाहीत. नजर घडते ती सहवासातून. आई एका वंशाची आणि बाबा दुसऱ्या, अशा घरातल्या बाळाला दोन्ही चेहरे आपलेच वाटले तर त्यात गोंधळ कसला?

तरीही अशा मुलांकडे विज्ञानानेच बराच काळ कीव करत पाहिलं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांनी १९२८ साली ‘काठावरचा माणूस’ ही कल्पना मांडली: दोन समाजांच्या मधे अडकलेला, कुठलाच न झालेला, आतून अस्वस्थ. त्या काळी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात गोऱ्या माणसाने काळ्या माणसाशी लग्न करणं हा गुन्हा होता. १९२४ च्या तिथल्या कायद्यानुसार पूर्वजांत एक जरी आफ्रिकी वंशाचा निघाला, तरी ती व्यक्ती गोरी ठरत नसे. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याला याच कायद्याने राज्याबाहेर घालवलं. अखेर १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे कायदे रद्द केले. ज्या मुलांच्या आईवडिलांचं लग्नच गुन्हा ठरत होतं, त्यांची अस्वस्थता त्यांच्या मिश्र रक्तात शोधली गेली, हे आज वाचतानाही संताप येतो.

रक्ताबद्दल जीवशास्त्र काय सांगतं? अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत असतात. त्वचेचा रंग अनेक जनुकं मिळून ठरवतात, आणि आईवडिलांकडून प्रत्येक मुलाला मिळणारा अर्धा-अर्धा वाटा वेगळा असतो. त्यामुळे सख्ख्या भावंडांत एक गोरं, दुसरं सावळं होऊ शकतं. घर तेच, आजी-आजोबा तेच. पण शाळेत दोघांना मिळणारी वागणूक वेगळी, आणि म्हणून ‘मी कोण’ याचं दोघांचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

हे उत्तर दुसऱ्याने हिरावून घेतलं, की मुलं दुखावतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सॅरा टाउनसेंड आणि सहकाऱ्यांनी मिश्र वंशाच्या तरुणांना माहितीचा फॉर्म भरायला दिला. काहींना वंशाच्या रकान्यात एकाच चौकटीवर खूण करायची मुभा होती, काहींना हव्या तितक्या चौकटींवर. एकच चौकट निवडावी लागलेल्यांचा आत्मसन्मान आणि पुढच्या कामातला उत्साह इतरांच्या तुलनेत कमी भरला. एका कागदाने एवढं होत असेल, तर ‘पण तू खरा कुठला?’ हे रोज ऐकणाऱ्या मुलाचं काय होत असेल? अमेरिकेच्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवण्याची सोय व्हायला २००० साल उजाडलं.

परदेशात असं कुटुंब असलेल्या मराठी आजी-आजोबांनी हे जरूर लक्षात घ्यावं. सुट्टीत आलेल्या नातवंडाला ‘बरं झालं, रंग बाबांचा नाही घेतला’ असं कौतुकाने म्हटलं जातं, तेव्हा ते मूल आपल्या अर्ध्या घराविषयीचा निकाल ऐकत असतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला ते नीट कळतं.

भाषेचा मात्र मोठा आधार होऊ शकतो. २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांच्या गोऱ्या मुलांनी मित्र म्हणून परक्या उच्चारात बोलणाऱ्या गोऱ्या मुलापेक्षा आपल्यासारखं बोलणारं काळं मूल पसंत केलं. मामेभावंडांशी खेळताना चार वाक्यं मराठीत बोलता आली, तर दिसण्यातलं वेगळेपण मागे पडायला मदत होते. आईने मराठीत आणि बाबांनी आपल्या भाषेत बोललं तर मूल गोंधळेल, ही भीती बाळगू नये. मुलं दोन्ही भाषा पेलतात.

आणि तेच मूल पंधराव्या वर्षी ‘मी फक्त अमेरिकन’ म्हणालं तर? अमेरिकेतल्या किशोरांच्या एका मोठ्या पाहणीत १९९० च्या दशकात दिसलं, की बऱ्याच मुलांनी आपला वंश शाळेत एक सांगितला आणि घरी दुसरा. काही वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा स्वतःला मिश्र वंशाचं म्हणणाऱ्यांपैकी उत्तर बदललेलेच जास्त होते. तेव्हा पंधराव्या वर्षीच्या त्या वाक्यावरून घरात वाद घालू नये. विशीत ते मूल आजीकडे मोदकांची कृती मागेल, किंवा मागणारही नाही.