दोष कोणाचा आणि जबाबदारी कोणाची?

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर किंवा क्रिस्टल आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींशी बोलताना, सॉफ्टवेअरने कुठे घोळ घातला की एक वाक्य कानावर येतं: ‘माझा कोड बरोबर होता.’ हे दोषाचं उत्तर झालं, जबाबदारीचं नव्हे.

दोष शोधतात तो घोळ झाल्यावर. त्याला पुरावा लागतो आणि बोट दाखवायला माणूस लागतो. जबाबदारी मात्र काम हाती घेतलं तेव्हाच सुरू झालेली असते, आणि पाच जणांत वाटल्याने ती कोणाचीच कमी होत नाही.

कर्करोगावर किरणोपचार करणारं थेरॅक-२५ हे यंत्र घ्या. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने किमान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले, काही दगावले. ऑपरेटरने स्क्रीनवरची नोंद भराभर बदलली, की यंत्राची आतली मांडणी तिच्याशी जुळत नसे. दोष शोधणारा प्रोग्रामरपाशी येऊन थांबेल. पण आधीच्या थेरॅक-२० मध्ये तशीच चूक असूनही रुग्ण वाचत, कारण तिथे चुकीचे किरण रोखणारे हार्डवेअरचे स्वतंत्र अटकाव होते. नव्या यंत्रात ते काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला. तक्रारी आल्या तेव्हा, असं घडूच शकत नाही, असं कंपनीने सांगितलं. हे निर्णय कोडच्या कुठल्याही ओळीत सापडत नाहीत, आणि मला तर तेच जास्त भयंकर वाटतात.

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात १९९९ पासून आलेल्या ‘होरायझन’ या संगणक प्रणालीने शाखांच्या हिशेबात खोटी तूट दाखवली. दोष ठरला, तोही कोर्टात, पण पोस्टाची शाखा चालवणाऱ्या निरपराध माणसांवर. प्रणालीतल्या चुका २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केल्या. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. हा दंड डेटा वापरणाऱ्या संस्थेला आहे, टेस्टिंग करणाऱ्या मुलीला नाही. पण दवाखान्याच्या ॲपच्या चाचणीत खऱ्या रुग्णांची नावं आणि मोबाइल नंबर वापरलेत, हे सगळ्यांत आधी तिलाच दिसतं. तिने ते टीम लीडला ईमेलने कळवावं आणि उत्तरही लेखीच मागावं.