सातारा-सांगलीच्या बागेत बारमाही रंग

नर्सरीत गेलं की त्या दिवशी जे फुललेलं असतं, तेच हमखास गाडीत येऊन बसतं. दिवाळीनंतर खरेदी झाली असेल तर बाग डिसेंबर-जानेवारीत भरगच्च आणि एप्रिल किंवा ऑगस्टमध्ये नुसती हिरवी दिसते. पिशवीतल्या रोपावर आज किती फुलं आहेत यापेक्षा ते कशामुळे फुलतं, हे विचारलेलं बरं. कुणाला ताण, म्हणजे काही काळ पाणी तोडणं, लागतो, कुणाला लांब रात्र, कुणाला पहिला पाऊस, तर कुणाला छाटणीनंतरची नवी फूट. प्रत्येक कारणाची दोन-दोन झुडपं लावली की वर्ष बऱ्यापैकी भरून निघतं.

त्याआधी मातीचं बघायला हवं, कारण आपल्याकडे ती फार झपाट्याने बदलते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि जांभ्याची आम्ल माती; तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात पाऊस पाचशेच्या आसपास आणि जमिनीत चुनखडी. मिरज-वाळवा पट्ट्यात भारी काळी माती, काही ठिकाणी क्षारपडही (क्षार साचलेली). त्यामुळे पाचगणीच्या बंगल्यात निळ्या गुच्छांची हायड्रेंजिया पाहून ती सांगलीत लावण्यात अर्थ नाही. आम्ल मातीत अॅल्युमिनियम विरघळतं, मुळांवाटे फुलात पोचतं आणि फूल निळं होतं. चुनखडीच्या मातीत अॅल्युमिनियम अडकून बसतं आणि फूल गुलाबी येतं, तेसुद्धा एप्रिलच्या उन्हात झाड तगलं तर.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले तर मातीत मोकळा चुना आहे. अशा जागी एक्झोरा आणि अनंत जमिनीत लावायच्या फंदात पडू नये. दोन्ही झाडं पावसाळाभर ठीक दिसतात, मग शेंड्याची नवी पानं पिवळी पडू लागतात. पान उजेडासमोर धरलं तर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, अशी जाळी स्पष्ट दिसते. ही लोहाची कमतरता. लोह एका पानातून दुसऱ्यात सहजी हलत नाही, म्हणून ती कोवळ्या पानांत आधी दिसते. नत्र कमी पडलं तर उलट जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात. पिवळेपणा दिसताच युरिया टाकणारे इथेच फसतात. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकूनही फारसा उपयोग होत नाही, कारण चुनखडीत लोह लगेच न विरघळणाऱ्या रूपात जातं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक अॅसिड मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावं, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा. मातीतूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (विरघळलेलं राहील अशा रूपात बांधलेलं) घ्यावं. स्वस्तातलं ईडीटीए चुनखडीत टिकत नाही. त्यापेक्षा एक्झोरा मोठ्या कुंडीत लावून मोकळं व्हावं.

भारी काळ्या मातीत खड्ड्याचीही गंमत असते. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणून तळाला खडी भरली की निचरा होतो, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात चारही बाजूंनी चिकणमाती असल्याने पावसाचं पाणी त्या खड्ड्यातच साचतं आणि मुळं कुजतात. शिवाय ही माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळं तोडते. म्हणून ८ ते १२ इंच उंचीचा वाफा करून त्यावर लागवड करावी: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग बारीक मुरूम आणि रोपामागे २०० ग्रॅम निंबोळी पेंड. वर उसाच्या पाचटाचं आच्छादन घातलं की भेगा कमी पडतात, आणि पाचटाला आपल्याकडे काय तोटा?

आता ताणावर फुलणारी झुडपं. यांत पहिला मान बोगनवेलीचा. रंगीत दिसतात ती पाकळ्यांसारखी पानं. खरी फुलं म्हणजे त्यांच्या मधोमध असलेल्या तीन बारीक फिकट नळ्या. पाणी आणि नत्र भरपूर मिळालं की ही वेल नुसती काटे आणि पानं वाढवते. रोज पाइप लावूनही बोगनवेल फुलत नाही अशी तक्रार असते. ती रोज पाइप लावल्यामुळेच फुलत नाही. पाऊस सुरू होताना जोरदार छाटणी करावी, सप्टेंबरअखेर शेंडे खुडावेत आणि ऑक्टोबरपासून पाणी तोडावं. पानं दुपारी किंचित मलूल दिसली की मगच पाणी द्यायचं. नोव्हेंबर ते मे अशी ती बहरत राहते. मोगऱ्यालाही ताण मानवतो, पण त्याला जोडीला छाटणी लागते. डिसेंबरात पाणी कमी करावं, जानेवारीअखेर जमिनीपासून दीड फुटावर छाटावं, मग शेणखत घालून पाणी सुरू करावं. फूल नव्या फुटीच्या टोकाला येतं, त्यामुळे न छाटलेला मोगरा उंच होतो आणि फुलं मोजकीच देतो. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. एप्रिलची खरडछाटणी काडीसाठी आणि ऑक्टोबरची फळासाठी, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं आहे.

शेवंती आणि पॉइन्सेटियाचा हिशेब रात्रीचा. दिवसाच्या लांबीचा फुलोऱ्याशी असलेला संबंध अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० साली दाखवून दिला. पुढच्या प्रयोगांतून कळलं की झाड खरं तर अखंड अंधार मोजतं. साताऱ्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास १० मिनिटांचा आणि डिसेंबरातला लहान दिवस ११ तास ५ मिनिटांचा असतो. फरक दोनच तासांचा, पण या झाडांना तेवढा पुरतो. सप्टेंबर सरताना रात्र बारा तासांवर जाते, पॉइन्सेटियात कळ्या धरतात आणि डिसेंबरात पानं लाल होतात. रस्त्यावरच्या दिव्याचा झोत झाडावर पडत असेल तर त्या बाजूच्या फांद्या हिरव्याच राहतात. खत बदलून काही होत नाही, झाड हलवावं लागतं. दोन्हींचे शेंडे ऑगस्टअखेरपर्यंतच खुडावेत. त्यानंतर कात्री लावली तर कळ्याच कापल्या जातात. शेवंती फुलून गेल्यावर बुंध्याशी छाटावी आणि खालून येणाऱ्या काश्या वेगळ्या करून पावसाळ्याच्या तोंडावर लावाव्यात. याच थंडीत कोरांटी आणि कुंद विशेष काही न मागता फुलतात. अबोलीही लावावी, मात्र जिथे आधी टोमॅटो-वांगी होती तिथे नको. मुळांवर सूत्रकृमींच्या (मातीतल्या अतिसूक्ष्म जंतांच्या) गाठी येऊन झाड खुरटतं. आधी एक हंगाम झेंडू घेतला तर सूत्रकृमी कमी होतात.

सर्वांत अवघड महिने जुलै-ऑगस्ट. ढगांमुळे ऊन कमी, पाणी भरपूर, त्यामुळे बहुतेक झुडपं पानांच्याच मागे लागतात. सुरुवात कंदांनी करावी. फुटबॉल लिली मे-जूनमध्ये लाल चेंडू काढते, रेन लिली वळवानंतर काही दिवसांतच उमलते. हिवाळ्यात फुटबॉल लिलीचे कंद झोपलेले असतात; तेव्हा रोज पाणी घातलं तर कुजतात. पुढे ऑगस्ट ते ऑक्टोबर सोनटक्का. त्याला ओलावा आणि अर्धी सावली हवी. सोनटक्क्याचा एक दांडा एकदाच फुलतो, तो नंतर जमिनीलगत कापला की नव्या कोंबांना जागा होते. कर्दळ मात्र मोरीच्या पाण्यावर निवांत वाढते. गौरी-गणपतीच्या सुमारास फुलणारा तेरडा पावसाळ्यात आपोआप उगवतो. तो फक्त उपटू नये.

क्षारपड जागेत, जिथे उन्हाळ्यात मातीवर पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसते, तिथे गुलाब आणि मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपतात. अशा जागी कण्हेर लावावी. उन्हाळाभर गुलाबी फुलं देते, बोअरचं जड पाणी सहन करते आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. कारण अर्थात विष. हिरवं पान, वाळकं पान, काडी, फूल, सगळं विषारी आहे. म्हणून छाटलेल्या फांद्या वैरणीजवळ टाकू नयेत, चुलीत घालू नयेत, आणि छाटणी झाल्यावर हात साबणाने धुवावेत.