संतनामांवरून आलेली इटालियन आडनावे

इटलीतील आडनावांचा एक मोठा गट ख्रिस्ती संतांच्या नावांवरून बनला आहे. मात्र त्यांतील बहुतेक आडनावे थेट संतावरून नव्हे, तर त्या संताचे नाव ठेवलेल्या एखाद्या पूर्वजावरून आली आहेत. मध्ययुगाच्या उत्तरार्धात जुनी जर्मानिक (जर्मन भाषाकुळातील) नावे मागे पडून संतांची नावे ठेवण्याचा प्रघात वाढला. असिसीच्या फ्रान्सिसला १२२८ मध्ये संतपद मिळाल्यावर फ्रांचेस्को हे त्याचे इटालियन नाव दूरवर रुजले. नावे मोजकी आणि ती धारण करणारे अनेक, त्यामुळे एका गावातील दोन जोव्हान्नी वेगळे ओळखण्यासाठी बापाचे नाव जोडावे लागे.

लॅटिन दस्तऐवजात ‘योहान्नेस पेत्री’ असे लिहिलेले असे, म्हणजे पेत्रुसचा मुलगा योहान्नेस; येथील ‘-ई’ हा षष्ठीचा प्रत्यय आहे. हेच ‘पेत्री’ नातवापंतवंडांकडेही टिकले की त्याचे आडनाव होई. मार्तिनी, लोरेन्झी अशी रूपे उत्तर व मध्य इटलीत अधिक दिसतात, तर दक्षिणेत दी पिएत्रो, दे लुका अशी, ‘चा’ या अर्थाचा शब्द आधी लावलेली रूपे विपुल आहेत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने (१५४५–१५६३) चर्चमध्ये बाप्तिस्मा व विवाहांच्या नोंदवह्या ठेवण्याचा नियम केल्यावर ही आडनावे अधिक स्थिर झाली.

या आडनावांचे खरे वैभव बोलींत आहे. फ्लॉरेन्सचा पालक संत बाप्तिस्मादाता योहान याचे जोव्हान्नी हे नाव घ्या. व्हेनिसकडे त्याचे ‘झान’ होऊन झानेत्ती व झानीनी, टस्कनीत ‘नान्नी’ आणि ‘व्हान्नी’ होऊन नान्नीनी व व्हान्नुच्ची, तर दक्षिणेत ‘यान्नी’ होऊन यान्नुझ्झी ही आडनावे आली. निकोलाचे ‘कोला’ होऊन कोलुच्ची, फ्रांचेस्कोचे ‘चेक्को’ होऊन चेक्की बनले.

दुसरा, लहान गट गावांवरून आला. संताच्या चर्चभोवती वसलेल्या गावाला त्याचेच नाव मिळे आणि तेथून बाहेर पडलेले कुटुंब त्या गावाच्या नावाने ओळखले जाई. आपल्याकडील ‘-कर’ आडनावांमागची रीत हीच. सांजॉर्जी, सांतांजेलो ही अशी नावे होत. सांतांजेलोमधील ‘आंजेलो’ हा बहुधा देवदूत मिखाएल असतो. दक्षिण इटलीच्या पुलिया प्रांतातील मोंते सांतांजेलो हे त्याचे प्रसिद्ध तीर्थस्थान आहे. ‘सान मार्तिनो’चे साम्मार्तिनो होते, कारण पुढील ‘म’मुळे ‘न’ही ‘म’ होतो.

सांतोरो हे आडनाव मात्र कोणा एका संताचे नाही. लॅटिन ‘सांक्तोरुम’, म्हणजे ‘संतांचा’, हे त्याचे मूळ असून, १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाला जन्मलेल्या मुलाला हे नाव ठेवीत.