पायथन काढला आणि पडदा काळा झाला

देवगडचा माझा चुलतभाऊ आंबा बागायतदार आहे. पेट्यांचा हिशेब आणि बिलं यांसाठी त्याच्याकडे एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स घराण्यातली प्रणाली. एप्रिलमध्ये, वाशीला गाड्या सुटायच्या ऐन दिवसांत, डिस्क भरल्याची सूचना सारखी येऊ लागली. दादाने सॉफ्टवेअरची यादी काढली, तीत 'पायथन ३' दिसला. "आपण कुठे प्रोग्रॅम लिहितो?" म्हणून त्याने कॉम्प्युटरला तो काढायला सांगितला. उत्तरादाखल लांबलचक यादी आली. ती न वाचताच त्याने होकार दिला.

ही चूक अनेकांच्या हातून झाली आहे आणि ती करणाऱ्याला अडाणी म्हणणं मला पटत नाही. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा खरी, पण उबुंटूची कितीतरी अवजारं याच भाषेत लिहिलेली आहेत. सॉफ्टवेअर बसवण्या-काढण्याचं काम 'अ‍ॅप्ट' करतं. कुठलं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचं गाठोडं, कशावर उभं आहे याची नोंद त्याच्याकडे असते. जोत्याचा चिरा काढायला सांगितलात, तर अ‍ॅप्ट वरची भिंतही उतरवतं. दादाची भिंत म्हणजे अख्खा डेस्कटॉप, खिडक्या-चिन्हांचा तो नेहमीचा पडदा. काही मोजक्या पॅकेजांवर 'अत्यावश्यक' असा शिक्का असतो. ती अ‍ॅप्ट साध्या होकारावर काढत नाही. पायथनवर हा शिक्का नाही, तिथे साध्या होकाराने काम होतं. मला ही मोठी उणीव वाटते.

गंमत अशी की, सगळं उतरवल्यावरही समोरचा पडदा बराच वेळ शाबूत होता. लिनक्समध्ये फाइल पुसली म्हणजे आधी फक्त तिचं नाव जातं. एखादा चालू प्रोग्रॅम ती उघडून बसला असेल, तर तो सोडेपर्यंत आतला मजकूर डिस्कवर राहतो. सातबाऱ्यावरून नाव उतरलं तरी राहणारा बाहेर पडेपर्यंत घर उभं असावं, तसं. त्या वेळी नेट चालू होतं, आज्ञा लिहायची खिडकी उघडी होती. तिथूनच डेस्कटॉप परत बसवता आला असता. पण नवीन काही उघडेना म्हणून दादाने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळा पडदा, त्यावर लॉगिनची एक ओळ, आणि नेटही नाही.

रात्री त्याचा फोन आला. मी म्हटलं, "दादा, आता काही पुसू नकोस, नव्याने उबुंटूही टाकू नकोस. बिलं तिथेच आहेत."

होडीच्या बुडाची फळी पाण्यात बदलता येत नाही, ती किनाऱ्यावर ओढावी लागते. इथे किनारा म्हणजे पेन ड्राइव्ह. उबुंटू पेन ड्राइव्हवरून थेट चालवता येतं आणि त्यातून नेटही जोडता येतं. तसं ते चालवून आजारी डिस्क जोडायची, मग 'सीएच-रूट' ही आज्ञा द्यायची. १९७९ च्या युनिक्सपासून चालत आलेली ही युक्ती. तिच्यानंतर दिलेल्या आज्ञा त्या डिस्कलाच आपलं घर समजून चालतात. नशिबाने दुरुस्तीची मुख्य अवजारं पायथनवर विसंबून नाहीत: अ‍ॅप्ट सी-प्लस-प्लसमध्ये आहे, त्याच्या हाताखाली पॅकेजं प्रत्यक्ष बसवणारं डीपीकेजी सी भाषेत. म्हणून ती दोन्ही वाचली होती.

काय गेलं ते आठवत बसायची गरज नव्हती. अ‍ॅप्ट आपल्या रोजनिशीत काढलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव तारीखवेळेसह लिहितं. आम्ही 'उबुंटू-डेस्कटॉप' मागवलं. हे पॅकेज स्वतः जवळजवळ रिकामं असतं. आपल्यासोबत कोणाकोणाला आणायचं याची यादी हेच त्याचं काम. उरलेली नावं रोजनिशीतून उचलली.

अर्थात, ते बसवायला आधी जागा लागणार होती. खरी अडगळ वेगळीच निघाली: आधी उतरवून घेतलेल्या पॅकेजांच्या प्रती, वापरात नसलेले जुने कर्नल (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) आणि प्रणालीच्या वाढत गेलेल्या नोंदी. प्रती काढायला 'अ‍ॅप्ट क्लीन' पुरलं. कर्नलसाठी 'ऑटोरिमूव्ह' चालवलं, पण या वेळी दादाने यादी मोठ्याने, एकेक नाव करत वाचली.

पहाटे प्रिंटर चालू झाला. टेम्पोवाला अंगणात थांबलाच होता.