पीकशास्त्राचा वर्ग आणि प्रयोगाचं शेत

पीकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचं संशोधन बहुतेकदा एका आकृतीपासून सुरू होतं. कागदावर शेताचे चौकोन पाडायचे, कोणत्या चौकोनात कोणती ट्रीटमेंट (म्हणजे तुलना करायचं खत, वाण किंवा मशागत) जाणार हे स्वतःच्या मर्जीने न ठरवता यादृच्छिक आकड्यांवर सोपवायचं, प्रत्येक ट्रीटमेंटच्या तीन-चार पुनरावृत्ती ठेवायच्या, कडेच्या ओळींचं उत्पादन हिशेबात धरायचं नाही. ‘आरबीडी’ (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजे या मांडणीचं नाव) ही तीन अक्षरं विद्यार्थ्याच्या तोंडी इतकी बसलेली असतात की हे सगळं शेतीइतकंच जुनं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ते जेमतेम शंभर वर्षांचं आहे. पीकशास्त्राला विद्यापीठात मान मिळाला तो मुख्यतः या पद्धतीमुळे, असं माझं मत आहे. श्रेय मात्र सहसा रसायनशास्त्राला दिलं जातं.

विद्यापीठात शेतीचं अध्यासन तसं लवकर आलं. एडिंबरा विद्यापीठात 1790 साली विल्यम पुल्टनी यांच्या देणगीतून ते सुरू झालं आणि अँड्र्यू कॉव्हेन्ट्री पहिले प्राध्यापक झाले. प्रशियात आल्ब्रेख्ट थेअर यांनी 1806 मध्ये मोग्लिनला शेतीची शाळा काढली. पुढे ते बर्लिनच्या नव्या विद्यापीठातही शिकवू लागले. पण शिकवायचं काय? चांगल्या शेतकऱ्यांचे अनुभव, फेरपालटीचे नियम, आणि झाडं जमिनीतला ह्यूमस (कुजलेला सेंद्रिय भाग) खाऊन वाढतात ही तेव्हाची समजूत. 1840 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी या समजुतीवर हल्ला चढवला. पिकाला जमिनीतून खनिजं लागतात, जो घटक सगळ्यांत कमी पडतो तोच उत्पादन अडवतो, हा त्यांचा मुद्दा आजही पहिल्या सत्रात शिकवला जातो. मात्र पुरेसा नत्र हवेतून आपोआप मिळतो, असंही ते धरून चालले. त्यांनी बाजारात आणलेलं खत सपशेल फसलं, कारण पावसात वाहून जाऊ नये म्हणून ते इतकं अविद्राव्य केलं होतं की पिकालाही ते मिळेना.

नत्राचा वाद प्रयोगशाळेत मिटण्यासारखा नव्हता, तो शेतात मिटला. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथे जॉन बेनेट लॉज या जमीनदाराने 1843 मध्ये ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचे पट्टे आखले. त्यांचा जोडीदार जोसेफ हेन्री गिल्बर्ट हा खुद्द लीबिग यांच्याकडे शिकलेला. एका पट्ट्याला काहीच नाही, एकाला शेणखत, इतरांना वेगवेगळी रासायनिक खतं. नत्र दिल्याशिवाय गव्हाचं उत्पादन वाढत नाही, हे काही हंगामांत स्पष्ट झालं आणि गुरू-शिष्यांचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. बिनखताचा तो पट्टा अजूनही आहे आणि हेक्टरी टनभराच्या आसपास गहू देतो.

रॉथॅमस्टेड हे विद्यापीठ नव्हतं. शिकवणं आणि संशोधन एका छपराखाली आणण्याचं काम अमेरिकेत झालं. 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना सरकारी जमीन दिली आणि तिच्या उत्पन्नावर शेती व यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. सुरुवातीची वर्षं कठीण गेली. कॉलेजं होती, प्राध्यापक होते, पण खात्रीने शिकवावं असं ज्ञान फारसं नव्हतं, आणि शेतकरी ‘पुस्तकी शेती’ म्हणून हसत होते. 1887 च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याला कॉलेजशी जोडलेल्या प्रयोग केंद्रासाठी वर्षाला 15,000 डॉलर दिले. 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारकार्य, म्हणजे हे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याचं काम, जोडलं. शिक्षण, संशोधन, विस्तार ही त्रयी आज जगभरच्या कृषी विद्यापीठांच्या घोषवाक्यांत दिसते ती तिथून आली. भारतात 1960 साली पंतनगरला सुरू झालेलं पहिलं कृषी विद्यापीठ याच नमुन्यावर बेतलं होतं.

इलिनॉय विद्यापीठात 1876 मध्ये आखलेले मॉरो प्लॉट्स या काळातले. मक्यावर मका आणि फेरपालट यांची तुलना तिथे अजून चालू आहे. 1960 च्या दशकात शेजारी ग्रंथालय बांधायची वेळ आली, तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून ते जमिनीखाली बांधलं. एखाद्या विद्यापीठाला पीकशास्त्राची किती कदर आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

पण या जुन्या प्रयोगांत एक मोठी खोट होती. एका पट्ट्यात खत घातलं आणि तिथे जास्त पीक आलं. ते खतामुळे, की त्या पट्ट्याचा कस मुळात चांगला होता म्हणून? पुनरावृत्ती नसेल तर उत्तर देता येत नाही. शेत वरून सपाट दिसलं तरी आत सारखं नसतं, हे कुठल्याही कुळवणाऱ्याला ठाऊक होतं. विज्ञानाने ते मोजलं विसाव्या शतकात. मर्सर आणि हॉल यांनी एक एकर गव्हाचे 500 तुकडे करून प्रत्येकाची वेगळी मळणी केली. बियाणं तेच, मशागत तीच, तरीही तुकड्या-तुकड्यांतला फरक डोळ्यांत भरणारा होता. 1911 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाला गिनेस मद्यकंपनीतल्या विल्यम गॉसेट यांनी पुरवणी जोडली होती. संख्याशास्त्रात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे ते हेच.

1919 मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर रॉथॅमस्टेडला आले ते साठलेल्या जुन्या नोंदी चाळायला. काही वर्षांतच त्यांनी प्रयोग मांडण्याची पद्धत बदलून टाकली: सारख्या कसाच्या जमिनीचे गट पाडा, प्रत्येक गटात सगळ्या ट्रीटमेंट ठेवा, आणि गटातला त्यांचा क्रम नशिबावर सोडा. हे शेवटचं अनेकांना पचलं नाही. गॉसेट यांचं म्हणणं होतं की डोकं चालवून समतोल मांडणी केली तर निकाल जास्त अचूक येतो. फिशर म्हणत, येईलही, पण चूक किती असू शकते याचा अंदाज मग विश्वासार्ह राहत नाही. 1937 मध्ये गॉसेट गेले तोवर हा वाद चालला. विद्यापीठांनी फिशर यांची बाजू उचलली. याचं एक कारण, मला वाटतं, अगदी व्यावहारिक आहे: ती शिकवता येते. जमीन नुसती बघून समतोल साधायला अनुभव लागतो, चिठ्ठी टाकायला लागत नाही.

बाकी शाखा याच शेतात वाढल्या. 1903 मध्ये डेन्मार्कच्या योहान्सेन यांनी घेवड्यावर शुद्ध वंशाची (एकाच स्वपरागित झाडापासून आलेल्या, आनुवंशिकदृष्ट्या सारख्या संततीची) कल्पना मांडली आणि पैदासशास्त्राला पाया मिळाला. कॉर्नेल विद्यापीठात रॉलिन्स इमर्सन यांच्या मक्याच्या गटातून जॉर्ज बीडल आणि बार्बरा मॅक्लिंटॉक हे पुढचे दोन नोबेल मानकरी घडले. 1947 मध्ये वॉटसन यांनी पर्णक्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या क्षेत्राच्या तुलनेत पानांचं क्षेत्र किती) मांडला, आणि किती पीक आलं यापेक्षा ते कसं आलं हा प्रश्न पुढे सरकला. अ‍ॅडलेडच्या डोनाल्ड यांनी 1968 मध्ये तर पीक कसं असावं याचा आराखडा आधी आखा आणि मग पैदास करा, असं सुचवलं. वाखेनिंगनचे द विट आणि नॉटिंगहॅमचे मॉन्टीथ यांनी सूर्यप्रकाशापासून कोरड्या वजनापर्यंतचा हिशेब गणितात बसवला; आजची पीकवाढीची संगणकीय प्रारूपं त्यातून निघाली.

या वारशातली एक अडचण मात्र सुटलेली नाही. पदव्युत्तर प्रबंधाला एक किंवा दोन हंगाम मिळतात, अनुदानं सहसा तीन-चार वर्षांची असतात. जमिनीतला सेंद्रिय कर्ब, तणांचा बदलता संच, हवामानाचा कल यांना दशकं लागतात. ब्रॉडबॉकच्या जपून ठेवलेल्या गव्हाच्या नमुन्यांतून गव्हावरच्या दोन बुरशींच्या प्रमाणाचा दीडशेहून जास्त वर्षांचा इतिहास डीएनएच्या आधारे मांडता आला, आणि तो हवेतल्या सल्फर डायऑक्साइडच्या चढ-उताराशी जुळला. असला प्रश्न नमुने साठवणाऱ्यांच्या मनातही नव्हता. कुठलाही गाइड विद्यार्थ्याला असा विषय देऊ शकत नाही. असे प्रयोग चालतात ते विभागाने जबाबदारी घेतली तरच, आणि प्रमुख बदलला की सगळ्यात आधी जमीन मागितली जाते ती याच प्लॉटची.